पत्र्याच्या शेडमधलं नेट

शिरोली एमआयडीसीत लोखंड हलायच्या आधी कागद हलावा लागतो. पुण्याकडच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं, त्यावरून पॅटर्न होतो, फौंड्रीत कास्टिंग ओततात, फेटलिंग म्हणजे साफसफाई होऊन ते आमच्यासारख्या मशिन शॉपमध्ये येतं, आणि फेस, बोअर, भोकं होऊन पुन्हा पुण्याच्या टेम्पोत चढतं. या सगळ्या वाटेवर लोखंडाच्या मागे-पुढे चलन, इन्स्पेक्शन रिपोर्ट, बिल असे कागद चालत असतात. त्या कागदांची जबाबदारी गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. डिस्पॅच आणि हिशेब हे माझं काम. नेट बघायला कुणी नव्हतं म्हणून तेही माझ्याकडे आलं, आणि मला त्याची गोडी लागली.

आमची वसाहत पुणे-बंगळुरू महामार्गाला लागून आहे, त्यामुळे माल न्यायची अडचण कधी नव्हती. रात्री टेम्पो सुटला की सकाळी भोसरी-चाकणच्या गेटवर उभा असायचा. अडायचं ते कागदाचं. मी कामाला लागले तेव्हा ऑफिसात टेलिफोनच्या तारेवरचं नेट होतं. तार रस्त्याकडेच्या जमिनीतून यायची. पाण्याच्या लाइनसाठी नाहीतर गटारीसाठी जेसीबी लागला की ती तुटायची, आणि नेमकी कुठे तुटली हे सापडेपर्यंत आठवडा निघून जायचा. तोवर ड्रॉइंग फॅक्सवर मागवायचं. फॅक्सच्या कागदावर ०.०३ आणि ०.०८ यांतला फरक दिसत नाही, आणि आमच्या धंद्यात तेवढ्या फरकावर अख्खा लॉट परत येतो. म्हणून मी फोन कानाला लावून एकेक आकडा वाचून घ्यायची आणि लाल पेनने ड्रॉइंगवर लिहायची. फारच तातडी असली तर ऑफिसातला मुलगा पेन ड्राइव्ह खिशात घालून पंचगंगेचा पूल ओलांडायचा आणि कोल्हापुरातल्या सायबर कॅफेतून फाइल घेऊन यायचा.

बिनतारी नेट आमच्याकडे आलं ते २००९-१० च्या सुमाराला, लॅपटॉपला लावायच्या डेटा कार्डाच्या रूपात. टेबलावर लावलं तर ते रडतखडत चालायचं आणि हायवेकडच्या खिडकीत नेलं की पळायचं. मग लांब यूएसबी वायर आणून ते कार्ड खिडकीच्या गजाला बांधलं. हातभर जागा बदलली की एवढा फरक का पडतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हा शिरला.

त्या कार्डाने पहिलं मोठं सुख दिलं ते एका रिजेक्शनच्या दुपारी. बोअरिंग चाललं असताना एका कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आतली हवेची पोकळी, उघडं पडलं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पूर्वी असं झालं की एक नग कुरिअरने पुण्याला जायचा, तिथला इंजिनिअर बघायचा, निर्णय यायला चार दिवस लागायचे, आणि तोवर मशिन दुसऱ्या कामाला लावायचं म्हणजे सेटिंग मोडायचं. त्या दुपारी मी कार्ड गजावरून सोडलं आणि लॅपटॉप उचलून इन्स्पेक्शनच्या टेबलावर नेला. होलशेजारी पट्टी ठेवून फोटो काढले आणि तिथूनच मेल केले. तासाभरात पुण्याहून फोन आला. सीलिंग फेसच्या बाहेर असेल आणि अमुक मापाच्या आत असेल तर चालेल, बाकीचे बाजूला काढा. आमचे सेटर मामा हे सगळं मागे उभं राहून बघत होते. ते म्हणाले, "ताई, ह्यो लॅपटॉप हितंच असू दे की. हाफिसात त्याला काय काम हाय?" नेट टेबलावरून उठून माणसाजवळ, कामाजवळ जाऊ शकतं, हे मला त्या वाक्यातून जितकं कळलं तितकं कुठल्या जाहिरातीतून कळलं नाही.

डेटा कार्डाचा वेग कमी आणि खर्च जास्त. म्हणून काही वर्षांनी शेडच्या छपरावर लोखंडी पाइप उभा केला आणि त्यावर छोटी डिश बसवली. समोरचा टॉवर तीनेक किलोमीटरवर. मधे ना तार, ना खांब, ना खोदाई. हे शक्य झालं त्यामागे एक सरकारी निर्णय आहे. भारतात रेडिओ लहरी वापरायला एरवी परवाना लागतो. २००५ च्या जानेवारीत सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. पुढे ५ गिगाहर्ट्झमधलेही पट्टे खुले होत गेले आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यातला मोठा भाग मोकळा झाला. घरोघरी वाय-फायचे डबे लागले ते यामुळेच. मात्र खुल्या पट्ट्याची दुसरी बाजूही असते. तिथे कुणाचाच हक्क नसतो. शेजाऱ्याच्या डब्याने तुमचं नेट अडवलं तर दाद मागायला जागा नाही.

छपरावरच्या डिशने मला झाडांकडे बघायला शिकवलं. उन्हाळ्यात बसवलेली लाइन पहिल्या पावसापर्यंत उत्तम चालली. जुलैपासून ती अडखळायला लागली. "पाऊस आला की नेट जातंय" हे आमच्या गल्लीत सगळ्यांनी मान्यच करून टाकलं होतं. मला ते पटेना, कारण उघडीप असतानाही नेट अडखळायचं. लाइन बसवणाऱ्या पोरांपैकी एक समजूतदार होता. त्याने मला छपरावर नेऊन दाखवलं. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना एवढ्याशा अंतरात पावसाच्या धारांनी फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पाण्याने भरलेल्या पानांनी. मधल्या प्लॉटच्या कुंपणाला सुबाभळी होत्या, आणि सुबाभूळ पावसाळ्यात किती उंच जाते ते शेतकऱ्याला विचारा. मी म्हटलं, टॉवर तर शेंड्यांवरून अजून दिसतोय. त्यावर त्याने सांगितलेली गोष्ट मला आजही उपयोगी पडते. टॉवर डोळ्यांना दिसला म्हणजे झालं असं नसतं. दोन टोकांमधल्या सरळ रेषेभोवती, मध्यावर जाड आणि टोकांना निमुळती, अशी एक जागा मोकळी लागते. तीन किलोमीटरच्या लाइनला मध्यावर त्या जागेची त्रिज्या साधारण सहा मीटर भरते. झाड त्या जागेत घुसलं की लाइन लंगडते. शेजारच्या प्लॉटवाल्यांना विनंती करून आम्ही सुबाभळीचे शेंडे छाटून घेतले, पाइप दोन मीटरने उंच केला आणि नेट सुधारलं. डिशच्या जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळायची आणि पाइपला तीन बाजूंनी ताण द्यायचे, हेही त्याच पोराने शिकवलं. पाण्याने नेट जातं ते बहुतेक वेळा जोडात शिरलेल्या पाण्याने, आणि वाऱ्याने जातं ते हललेल्या पाइपने.

पाइप उंच केला तशी दुसरी काळजी वाढली. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे वळीव येतो तो विजा घेऊनच. पत्र्याच्या शेडवर सगळ्यात उंच असा हा लोखंडी पाइप, आणि त्यावरून खाली येणारी केबल थेट ऑफिसच्या स्विचमध्ये. एका वळवात गल्लीतल्या एका शेडमध्ये डिशही गेली, स्विचही गेला आणि स्विचला जोडलेले दोन कॉम्प्युटरही गेले. वीज पाइपवर पडलीच नव्हती, जवळपास कुठेतरी पडली होती. तेव्हापासून आमच्या पाइपला वेगळं अर्थिंग आहे, केबलवर सर्ज अडवणारा डबा आहे, आणि ढग दाटून आले की मी हातातलं काम टाकून आधी ती केबल काढते. कुणाला हा अतिरेक वाटला तर वाटू दे. हिशेबाचा कॉम्प्युटर जळाल्यावर काय होतं ते मी शेजारी बघितलंय.

ही झाली टॉवरपासून शेडपर्यंतची वाट. खरी कसोटी शेडच्या आत होती. आमची शेड म्हणजे वर पत्रा, बाजूला पत्रा, आत व्हीएमसी आणि टर्निंग सेंटर या मशिनांची लोखंडी धुडं, रॅकवर कास्टिंग, डोक्यावर क्रेनचा गर्डर. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. ती पत्र्यातून आरपार जात नाही, आदळून परत फिरते. पत्र्याच्या शेडमध्ये या लहरी चहूबाजूंनी आदळत राहतात. कुठे दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना मारतात. म्हणून दोन पावलं सरकलं की नेट येतं आणि जातं. खिडकीतल्या डेटा कार्डाचं कोडं मला इथे उलगडलं.

मी एक वही केली. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये सिग्नलचा आकडा उणे चिन्हाने दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत बोलणं नीट होतं, उणे ८० ला सगळं लटपटतं. सकाळी आणि संध्याकाळी शेडच्या त्याच त्याच जागांवर उभी राहून मी आकडे लिहायची. काही आठवड्यांनी वहीतून एक विचित्र गोष्ट वर आली. महिन्याच्या सुरुवातीला मागच्या बाजूचं नेट चांगलं असायचं आणि महिनाअखेरीकडे पडायचं. कारण कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. तयार माल पाठवायच्या आधी आम्ही मधल्या भिंतीलगत पॅलेटवर रचतो. महिनाअखेर माल साठला की ऑफिस आणि मागची मशिनं यांच्यामध्ये लोखंडाची भिंतच उभी राहायची. माल गेला की नेट परत यायचं. वाय-फायचा डबा ऑफिसातून काढून गर्डरच्या उंचीवर, शेडच्या मध्यावर लावला, आणि तिथपर्यंत नेट मात्र तारेनेच नेलं. बिनतारी नेट चांगलं हवं असेल तर तार कुठवर न्यायची हे आधी ठरवावं लागतं. हे मला त्या वहीने शिकवलं.

आणखी एक समजूत होती की वेल्डिंग सुरू झालं की नेट जातं, शेजारच्या फौंड्रीची भट्टी चढली की नेट जातं. नेट जात होतं हे खरं. पण इंडक्शन फर्नेसची फ्रिक्वेन्सी काहीशे ते काही हजार हर्ट्झ, आणि वाय-फायची अब्जांत. त्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. व्हायचं असं की मोठा लोड आला की क्षणभर व्होल्टेज खाली जायचं, डब्याचा अ‍ॅडॉप्टर दचकायचा, डबा बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, आणि त्यात दोन-तीन मिनिटं जायची. एक लहानसा बॅटरी बॅकअप लावला आणि "वेल्डिंगचा त्रास" संपला. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा तिच्यावर कुठलाही आरोप सहज चिकटतो.

मशिनवर प्रोग्रॅम पाठवायची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या वसाहतीत बिनतारी नेटने सगळ्यात मोठं ओझं उतरवलं ते इथे. जुन्या सीएनसी मशिनला प्रोग्रॅम द्यायचा तर लॅपटॉप ट्रॉलीवर ठेवून मशिनपर्यंत न्यायचा आणि आरएस-२३२ केबलने जोडायचा. ९६०० च्या वेगाने सेकंदाला जेमतेम हजारभर अक्षरं जातात. डायच्या कामाचा मोठा प्रोग्रॅम असला तर चहा होऊन जायचा. शिवाय मशिनचं अर्थिंग आणि लॅपटॉपच्या प्लगचं अर्थिंग यांत फरक असला तर केबल जोडताना पोर्ट जळायचा, आणि कंट्रोलचं कार्ड दुरुस्तीला जाणं म्हणजे मशिन आठवडाभर उभं. बिनतारी जोड आली आणि ती ट्रॉली कोपऱ्यात गेली. पोर्ट जळायची भीती गेली.

पण धोका रूप बदलून आला. जुन्या कंट्रोलची मेमरी इतकी लहान, की ती कागदी टेपच्या मीटरमध्ये मोजायचे. चाळीस मीटर म्हणजे साधारण १६ केबी. मोठा प्रोग्रॅम त्यात मावत नाही, म्हणून तो थोडा थोडा पाठवत राहायचा आणि मशिन कापत राहायचं. तारेवर हे चालतं. वाय-फायवर मधेच दोन सेकंद नेट गेलं की टूल जॉबमध्ये आहे तिथे थांबतो, आणि थांबलेल्या जागी जॉबवर खूण उमटते. फिनिशिंगच्या पृष्ठभागावर अशी एक खूण म्हणजे तो नग गेला. यावर उपाय मामांनी सुचवला, आणि तो आमच्याकडे नियम झाला. वाय-फायने अख्खा प्रोग्रॅम आधी मशिनशेजारच्या छोट्या डब्यात उतरवायचा, पूर्ण उतरला की नाही ते शेवटच्या ओळीपर्यंत तपासायचं, आणि मग त्या डब्यातून आखूड तारेने मशिनला द्यायचा. मामा सातवी शिकलेले. नेटचा एक शब्द त्यांनी वाचलेला नाही. पण मशिन कुठे थांबलेलं चालतं आणि कुठे नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारा माणूस मी बघितलेला नाही.

ड्रॉइंगचंही तसंच. कागदी ड्रॉइंगवर शिक्का असतो, रिव्हिजन बदलली की जुनं ड्रॉइंग माझ्याकडे परत यायचं आणि मी ते फाडायची. टॅबवर ड्रॉइंग दिसायला लागल्यावर झेरॉक्सचा खर्च वाचला, तेलकट कागद वाचणं संपलं. पण नेट नसताना टॅब आधी उघडलेलं ड्रॉइंग दाखवतो, आणि ते जुनं असलं तरी दिसायला तितकंच स्वच्छ असतं. एकदा नाइट शिफ्टच्या ऑपरेटरने चॅम्फरचं माप पाहून मशिन थांबवलं आणि मला फोन केला, "ताई, परवा बदललंय म्हनलासा ते ह्यात दिसंना." त्याच्या डोक्यात बदल होता म्हणून लॉट वाचला. तेव्हापासून प्रत्येक जॉबकार्डावर रिव्हिजनचा क्रमांक मी पेनने लिहिते. टॅबवरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक जुळला तरच सायकल स्टार्ट.

शेजारधर्म हाही या नेटचा भाग आहे, हे मला उशिरा दिसलं. आमच्या गल्लीत शेडला शेड लागून आहेत आणि प्रत्येकाकडे डबा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये तेरा चॅनल असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न खेटता राहतील असे तीनच, १, ६ आणि ११. बहुतेक डबे ज्याने बसवले त्याने ठेवले तसेच चालू होते, आणि एकाच चॅनलवर सगळे दाटीवाटीने बसले होते. मी डावी-उजवीकडच्या शेडमधल्या माणसांशी बोलले. तुम्ही १ घ्या, आम्ही ६ घेतो, पलीकडचे ११ घेतील. पाच मिनिटांचं काम होतं, एक रुपयाचा खर्च नव्हता, आणि तिघांचंही नेट सुधारलं. खुल्या पट्ट्यात दाद मागायला जागा नाही हे मी वर लिहिलंच आहे. म्हणूनच तिथे बोलणं लागतं.

पासवर्डच्या बाबतीत मात्र मी कडक आहे आणि त्याचं कारण आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. तपासात तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरातल्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं. त्याचं वाय-फाय उघडं होतं, मेल पाठवणारा दुसराच कुणी होता. पुढच्या वर्षी दूरसंचार खात्याने उघड्या वाय-फायबद्दल कंपन्यांना सूचना काढल्या. मी हे पेपरात वाचलं होतं, पण आमच्या कनेक्शनच्या अर्जावर सही करताना ते आठवलं आणि हात थांबला. हवेत सोडलेलं नेट भिंतीबाहेर कुठवर जातं ते आपल्याला दिसत नाही. पोलिस येतात ते ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा मी हिशेबाचा कॉम्प्युटर आणि मशिनचे डबे एका जाळ्यात घेतले आणि पाहुण्यांचं, पोरांचं वाय-फाय पूर्ण वेगळं काढलं. गिऱ्हाइकाचा माणूस आला आणि त्याने पासवर्ड मागितला तर त्याला दुसऱ्या जाळ्याचा मिळतो. त्यात अपमान काही नाही. तो जर मोजमापाच्या खोलीत बूट काढून जात असेल, तर इथेही तेवढं पाळलंच पाहिजे.

पोरांचं वाय-फाय हा आमच्या मालकांच्या आणि माझ्या वादाचा विषय होता. आमच्याकडे आणि शेजारच्या फौंड्रीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची मुलं बरीच. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाला, त्याआधी त्यांच्या हातात स्मार्टफोन असायचा पण नेट नसायचं. शिफ्ट सुटली की ती कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसायची, जिथे आमचा सिग्नल बाहेर झिरपायचा. मालक म्हणायचे, मशिनवर फोन आला की बोट जातं. ते खरंच आहे. फिरत्या स्पिंडलसमोर फोन नको, याबद्दल मला दुमत नाही. पण शिफ्टनंतर? मी म्हटलं, पासवर्ड देऊ, मशिनच्या भागात फोनबंदी ठेवू, आणि चहाच्या टपरीकडच्या बाजूला एक वेगळा डबा लावू. तो लागला. एक मुलगा आपल्या चार महिन्यांच्या मुलीला पहिल्यांदा त्या भिंतीशी उभा राहून पडद्यावर बघत होता. त्या डब्याच्या खर्चाचा प्रश्न पुन्हा कधी निघाला नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये वसाहत बंद झाली तेव्हा त्याच डब्यावर अनेकांची घरं टिकून होती. जूनपासून शाळा फोनवर सुरू झाल्या. आमच्या वॉचमनची मुलगी सहावीत होती, घरात एकच फोन, त्यावर रेंज नाही. ती रोज सकाळी गेटच्या केबिनमध्ये बसून तास करायची. जुना टॅब, तेलाचे डाग असलेला, आम्ही तिला दिला. अपूर्णांक शिकताना ती मला विचारायला यायची, आणि मामांनी तिला व्हर्नियरवर दशांश दाखवले.

आता सरकारी कागदही नेटवरच आहेत, त्यामुळे नेट जाणं म्हणजे टेम्पो अडणं. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात माल पाठवायला २५ मे २०१८ पासून ई-वे बिल आलं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइसही आलं. गेटवर माल भरलेला टेम्पो, ड्रायव्हर मोबाइलकडे बघतोय, पुण्याच्या गेटवर सकाळची वेळ दिलेली, आणि नेट नाही, हा ताण ज्याने डिस्पॅच केलंय त्यालाच माहीत. म्हणून माझ्या टेबलावर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आहेत. ऑफिसची लाइन गेली की मी फोनच्या हॉटस्पॉटवर बिल काढते. त्यासाठी फोनचं चार्जिंग संध्याकाळच्या आधी पूर्ण असतं. हा माझा नेम आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराने मात्र या सगळ्याची मर्यादा दाखवली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. आमची शेड कोरडी होती, जनरेटर होता, आणि छपरावरची डिश पाण्याच्या वरून टॉवरशी बोलत होती. जमिनीतल्या तारा गेल्या तेव्हा गल्लीत नेट होतं ते आमच्याकडे. रस्त्यात अडकलेले ट्रकवाले, कोल्हापुरात घर असलेले आणि इकडेच राहिलेले कामगार, सगळे आमच्या गेटशी येऊन घरी निरोप पाठवत होते. मी पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवला. कडकपणाची ती वेळ नव्हती. मग टॉवरच्या टोकाची बॅटरी संपली. तिथे डिझेल पोचवायला रस्ताच नव्हता. आमच्या टोकाला सगळं शाबूत असून नेट गेलं. बिनतारी लाइनलाही जमिनीवर उभं राहायला जागा लागते, आणि ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा आम्ही आधीच प्रत्येकाच्या घरचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावले होते आणि गिऱ्हाइकांना कळवून टाकलं होतं, की संपर्क तुटला तर काळजी करू नका, माल तयार आहे.

आता रस्त्याने फायबर आलंय. ऑफिस, हिशेब, मशिनशेजारचे डबे हे सगळं तारेवर घेतलं. टॅब, स्कॅनर, फोन, जे हातात घेऊन फिरायचं ते हवेवर. छपरावरची डिश काढायची का, असं लाइनवाल्याने विचारलं. मी नाही म्हटलं. जेसीबी अजून येतात. मागच्या बाजूला नवीन शेडचं काम सुरू आहे. तिथे तयार माल कुठे रचणार, हे मी कंत्राटदाराला आधी विचारून घेतलंय, आणि पत्रा चढायच्या आत गर्डरपर्यंत केबलचा पाइप टाकून द्यायला सांगितलाय.